अवशेषाचा धनी कोण?

कचऱ्याचा प्रश्न भारतात आज प्रामुख्याने नगरपालिकांचा, अभियंत्यांचा आणि पर्यावरणखात्याचा मानला जातो, आणि शुद्धाशुद्धतेचा प्रश्न धर्मशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपवलेला असतो. या दोन्ही चर्चा एकमेकींची दखल क्वचितच घेतात. वास्तविक दोन्हींच्या मुळाशी एकच नैतिक प्रश्न आहे. एखादी वस्तू माणसाने टाकली म्हणजे तिच्याशी असलेले त्याचे नाते खरोखर संपते काय, आणि संपत असेल तर त्या क्षणापासून ती वस्तू कोणाची होते? भारतीय समाज काहीच वाया जाऊ देत नाही, जुन्या साडीची गोधडी करतो, रद्दी वजनावर विकतो, फाटक्या कपड्यांवर बोहारणीकडून भांडे घेतो, असे गौरवाने सांगितले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र या काटकसरीच्या गौरवातून एक गोष्ट निसटते. वस्तूचे पुन्हा उपयोगी होणे ज्या हातांमुळे शक्य झाले, त्या हातांना समाजाने कोणती जागा दिली, हे पाहिल्याशिवाय पुनर्वापराला सद्गुण म्हणता येत नाही, आणि हीच बाजू परंपरेच्या ग्रंथांतून अधिक स्पष्टपणे तपासता येते.

वैदिक वाङ्मयात उरलेल्या वस्तूकडे पाहण्याची एक अत्यंत धाडसी दृष्टी आढळते. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील सातवे सूक्त उच्छिष्टाला, म्हणजे आहुती देऊन झाल्यावर मागे राहिलेल्या अन्नाला, उद्देशून आहे. त्यात नाम आणि रूप, द्यावापृथिवी, यज्ञ आणि त्याची सर्व अंगे या शेषावर आधारलेली आहेत असे प्रतिपादन येते. संपूर्णपणे संपून जाणाऱ्या कर्मातून पुढचे काही निर्माण होणार नाही, जे उरते तेच पुढच्या सृष्टीचे बीज ठरते, असा या कल्पनेचा आशय लावता येतो. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही यज्ञातून उरलेले अन्न खाणारा पापमुक्त होतो आणि केवळ स्वतःसाठी शिजवणारा पापच खातो, असा विचार आहे. म्हणजे शेष हा येथे उपभोगाच्या शेवटी साचलेला मळ नाही. इतरांचा वाटा देऊन झाल्यावर माणसाच्या पदरात पडणारा तो न्याय्य भाग आहे.

दैनंदिन आचाराच्या पातळीवर मात्र उच्छिष्टाचा अर्थ नेमका उलट झाला. दुसऱ्याने तोंड लावलेले अन्न अशुद्ध, ते खाणारा कनिष्ठ, आणि ज्याच्यापुढे उष्टे टाकता येते तो आश्रित, अशी एक श्रेणी त्यातून उभी राहिली. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे, म्हणजे विटाळलेल्या वस्तू पुन्हा वापरण्याजोग्या करण्याचे, तपशीलवार नियम आहेत. तांबे, लोखंड, पितळ, कथील यांसारखे धातू राख, आम्ल आणि पाणी यांनी शुद्ध होतात. लेप नसलेले सोन्याचे भांडे नुसत्या पाण्याने शुद्ध होते. मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते, परंतु मद्य किंवा मलमूत्राचा स्पर्श झालेले मातीचे भांडे भाजूनही शुद्ध होत नाही. त्याच अध्यायात कारागिराचा हात नेहमी शुद्ध मानावा असेही म्हटले आहे, कारण त्याशिवाय समाजाचा व्यवहारच अडला असता. पदार्थाचा गुणधर्म, त्याची सच्छिद्रता, त्याची किंमत आणि त्याची गरज यांचे एक सूक्ष्म भान या नियमांत आहे हे मान्य करावे लागते. पदार्थांच्या बाबतीत इतके लवचीक असलेले हे शास्त्र माणसाच्या बाबतीत मात्र कमालीचे ताठर झाले. विटाळलेल्या तांब्याच्या भांड्याला परतीची वाट होती. जन्माने अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला ती नव्हती.

याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्ती गावाबाहेर असावी, त्यांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे सांगितले आहे. कचरा-व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा मजकूर फारसा वाचला जात नाही, पण तसा तो वाचला पाहिजे. समाजाने टाकलेले कापड, फुटलेली भांडी आणि हलक्या दर्जाचा धातू कोणत्या दिशेने वाहून न्यायचा, याची ही व्यवस्था आहे. वस्तू फुकट जात नाही, तिचा पुनर्वापर होतो, आणि तरीही हा पुनर्वापर म्हणजे ती वापरणाऱ्याच्या अंगावर लादलेली हीनतेची खूण असते. पुनर्वापर हा आपोआप नैतिक ठरतो, हे गृहीतक या एका उदाहरणापुढे टिकत नाही. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी 1966 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घाण म्हणजे चुकीच्या जागी असलेली वस्तू, अशी मीमांसा केली. ती अशुद्धतेच्या कल्पनेवर मोठा प्रकाश टाकते, परंतु ती वस्तू उचलून ‘योग्य’ जागी नेण्याचे काम कोणाच्या माथी येते, हा भारतीय संदर्भातला कळीचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

प्रेतावरचे तेच वस्त्र बौद्ध परंपरेत पूर्णपणे वेगळ्या अर्थाने अवतरते. पांसुकूल म्हणजे उकिरड्यावर, रस्त्यावर किंवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन आणि शिवून केलेले चीवर. ते वापरण्याचे व्रत बौद्ध भिक्षूंच्या तेरा धुतांगांमध्ये, म्हणजे स्वेच्छेने स्वीकारायच्या कठोर नियमांमध्ये, पहिले मानले जाते. जे चांडाळावर सक्तीने लादले होते तेच येथे श्रेष्ठीपुत्र आणि राजपुत्र आपण होऊन अंगीकारतात, आणि ते वस्त्र हीनतेची खूण न राहता मुक्तीच्या साधनेचे चिन्ह बनते. वस्तूत काहीही बदललेले नाही. बदलली आहे ती निवड. स्वतः उचललेले आणि दुसऱ्याने उचलायला लावलेले यांतला हा फरक कचऱ्याच्या नीतिशास्त्राचा पाया मानता येईल. सुनीत या थेराची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूची, कथाही याच दिशेने जाते. हीन मानलेल्या कुळात जन्मलेला, वाळलेली, टाकून दिलेली फुले झाडून नेण्याचे काम करणारा हा माणूस बुद्धाच्या संघात प्रवेश करतो आणि पुढे देवही त्याला वंदन करतात, असे थेरगाथेत वर्णन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात सुनीताच्या धर्मांतराचा आवर्जून समावेश केला, आणि तेथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की सुनीताला ते काम करीत राहण्यातच पुण्य आहे असे कोणी सांगत नाही; त्याला त्या कामातून बाहेर पडण्याची वाट मिळते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कोसंबीच्या उदेन राजाची एक कथा आहे. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान केली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू करणार काय, दुकान मांडणार की काय, अशी शंका येऊन राजाने त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारले. आनंदाने उत्तर दिले की ज्यांची चीवरे विरली आहेत अशा भिक्षूंना ती वाटली जातील, त्यांच्या जुन्या चीवरांच्या चादरी होतील, जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची आंथरुणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि शेवटी ती फडकी कुटून चिखलात मळून त्याने जमीन सारवली जाईल. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. वस्तूच्या आयुष्याचा इतका सुसंगत आराखडा प्राचीन वाङ्मयात अन्यत्र क्वचितच सापडेल. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. प्रत्येक पायरीवर वस्तूचा दर्जा उतरतो, हे तेथे मोकळेपणाने मान्य केलेले आहे. पुनर्वापराने वस्तू अमर होते असा भ्रम नाही. आणि या उतरणीचा शेवट मातीत आहे, जिच्यात ती वस्तू निमूट सामावली जाते. शिवाय चीवर नेसणारा आणि शेवटी चिखल मळणारा हे एकाच संघाचे घटक आहेत. उतरत जाणाऱ्या वस्तूबरोबर माणसांची उतरंड तेथे रचलेली नाही.

टाकणाऱ्याच्या कर्तव्याचा विचार सर्वांत काटेकोरपणे केला तो जैन आचारशास्त्राने. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात साधूने पाळायच्या पाच समिती, म्हणजे सावधपणाचे नियम, सांगितले आहेत: चालण्यातील, बोलण्यातील, भिक्षा घेण्यातील, वस्तू उचलण्या-ठेवण्यातील आणि उत्सर्गातील सावधपणा. उत्सर्ग म्हणजे मल, मूत्र, थुंकी किंवा निरुपयोगी झालेली वस्तू टाकणे. ती टाकण्यापूर्वी जागा नीट न्याहाळावी, तेथे सूक्ष्म जीव, अंकुर किंवा ओल नाही याची खात्री करावी आणि मगच टाकावे, असा दंडक आहे. टाकणे ही कृती या परंपरेत भोजनाइतकीच नैतिक आहे. हाताबाहेर गेलेली वस्तू पुढे कोणाला इजा करील, याची जबाबदारी टाकणाऱ्यावरच राहते, कारण हिंसा हेतूइतकीच प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातूनही घडते. हा नियम मुख्यतः साधूंपुरता मर्यादित राहिला, ज्यांच्याजवळ टाकण्यासारखे मुळात फारसे काही नसते, आणि ज्याच्या घरातून ढिगाने वस्तू बाहेर पडतात त्या गृहस्थाला त्याच्या कक्षेत तितक्याच आग्रहाने आणले गेले नाही, ही मोठीच उणीव मानली पाहिजे. फुटलेली काच, वापरलेली सुई किंवा सॅनिटरी पॅड कागदात न गुंडाळता ओल्या कचऱ्यात टाकणारा आजचा नागरिक ज्या हाताला जखम करतो, तो हात त्याला दिसत नाही. उत्सर्गसमितीचा सारा भर मात्र न दिसणाऱ्याची काळजी घेण्यावर आहे.

कर्तव्यासमोर हक्काचा प्रश्न येतो, आणि त्यासाठी ऐतरेय ब्राह्मणाच्या पाचव्या पंचिकेतील नाभानेदिष्ठाची कथा फार मोलाची आहे. मनूचा हा पुत्र गुरुगृही असताना त्याच्या भावांनी त्याला वगळून वडिलांची संपत्ती वाटून घेतली. वडिलांच्या सल्ल्याने तो स्वर्गासाठी यज्ञ करणाऱ्या अंगिरसांकडे गेला, त्यांची अडलेली क्रिया त्याने पुरी करून दिली, आणि स्वर्गाला जाताना त्यांनी यज्ञभूमीवर उरलेल्या सहस्र गाई त्याला दिल्या. तो त्या घेऊ लागला तेव्हा काळी वस्त्रे नेसलेला एक पुरुष पुढे आला आणि म्हणाला की यज्ञभूमीवर जे मागे राहते ते माझे आहे. नाभानेदिष्ठाने वडिलांना विचारले. ते त्याचेच आहे, असा निर्वाळा वडिलांनी दिला. मुलाने परत येऊन हे सत्य जसेच्या तसे सांगितले, तेव्हा त्या पुरुषाने प्रसन्न होऊन त्या गाई त्यालाच देऊन टाकल्या. तैत्तिरीय संहितेत हा पुरुष रुद्र आहे. शैव मंदिरांत शिवाच्या निर्माल्यावर, म्हणजे पूजेनंतर उतरवलेल्या फुलांवर आणि नैवेद्यावर, चंडेश या शिवगणाचा अधिकार मानतात, ती कल्पनाही याच जातीची आहे.

या कथेत अवशेषाला बेवारस मानलेले नाही. यज्ञभूमीच्या कडेला असणाऱ्या, देवांच्या पंगतीत सहजी न बसणाऱ्या, अरण्यात वावरणाऱ्या देवतेचा त्यावर पहिला हक्क आहे, आणि तो हक्क वाटणीतून वगळलेल्या मुलाकडे येतो तो सत्य कबूल केल्यामुळे. वाटणीत ज्याला काही मिळाले नाही त्याचा उरलेल्यावर दावा असणे, हे दयेचे प्रकरण नाही; ती स्वामित्वाची एक निराळी, स्वतंत्र परंपरा आहे. भारतीय धर्मविचाराने हे सूत्र मानवी समाजाला लावले असते तर कचरा वेचणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी आज वेगळी असती, असे म्हणण्यास जागा आहे.

प्रत्यक्षात विसाव्या शतकापर्यंत गावगाड्यात अवशेष आणि जात यांची गाठ घट्टच राहिली. मेलेली जनावरे ओढणे हे महारांवर वतनी व्यवस्थेने लादलेले काम होते आणि त्या बदल्यात मृत जनावराचे मांस त्यांच्या वाट्याला येई. 1927 च्या मार्चमध्ये महाड येथे आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा आणि स्वाभिमानाने जगण्याचा आग्रह धरला, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. जनावरे ओढणे बंद केल्यास कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब ‘केसरी’तून मांडला गेला. त्याचा उल्लेख आंबेडकरांनी 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात केला; एवढे उत्पन्न असेल तर हिशेब मांडणाऱ्यांनीच ते काम करावे, पैसे आपण देऊ, असे त्यांचे त्यावरचे उत्तर होते. पुनर्वापराच्या अर्थशास्त्रावर इतका मूलगामी आक्षेप भारतात दुसऱ्या कोणी घेतलेला नाही. मृत जनावराच्या प्रत्येक अवयवाचा उपयोग होणे संसाधनांच्या दृष्टीने कितीही हिताचे असो, ते काम जन्मावरून ठरत असेल तर त्या हिताचा हिशेब मुळातच अपुरा आहे.

या आव्हानाला आचरणातून उत्तर देऊ पाहणाऱ्यांमध्ये कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांचे स्थान वेगळे आहे. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून या ब्राह्मण सत्याग्रहीने अन्नत्याग केला आणि येरवड्यात असलेल्या गांधींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मृत जनावरांची कातडी सोडवण्यापासून मैल्याचे खत करण्यापर्यंतचे प्रयोग चालवले. मळ ही संपत्ती आहे आणि तिला हात लावणे हे सर्वांचे काम आहे, हा त्यांचा विचार होता. गाडगेबाबांनीही गावात पाऊल ठेवताच आधी हाती झाडू घेतला आणि कीर्तन संध्याकाळी केले. या दोघांची कळकळ निर्विवाद आहे. तरीही या मार्गाची एक मर्यादा नोंदवावी लागते: ज्याच्यापुढे दुसरे पर्याय आहेत त्याने स्वीकारलेले काम व्रत ठरते, ज्याच्यापुढे ते नाहीत त्याच्यासाठी ते प्राक्तनच राहते, आणि पहिल्याच्या व्रताने दुसऱ्याची सुटका होत नाही. काम पवित्र मानण्यापेक्षा काम करणाऱ्याला ते सोडण्याचे स्वातंत्र्य असणे ही अधिक मूलभूत गोष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारे कायदे 1993 आणि 2013 साली झाले, आणि तरी गटारांत उतरणाऱ्यांचे मृत्यू थांबले नाहीत, यावरून हे स्वातंत्र्य अजून किती दूर आहे ते कळते.

पुण्यात 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने याहून वेगळी भूमिका घेतली. ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीचे प्रणेते बाबा आढाव यांचे नेतृत्व लाभलेल्या या संघटनेत बहुसंख्येने दलित समाजांतील स्त्रिया होत्या, ज्या उकिरड्यांवरून आणि कचराकुंड्यांतून कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचून भंगारवाल्याला विकत असत. संघटनेने कामाला ना पवित्र म्हटले ना ते सोडून देण्याचा उपदेश केला. हे श्रम आहेत, त्यांतून शहराचा वाहतुकीचा आणि जागेचा खर्च वाचतो, म्हणून त्यांना ओळखपत्र, मोबदला आणि संरक्षण मिळाले पाहिजे, अशी मागणी केली. पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहून 2008 साली तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला, आणि कुंडीत हात घालणारी स्त्री दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घेणारी, घरागणिक शुल्क मिळणारी आणि विकण्याजोग्या सुक्या मालावर हक्क सांगणारी कष्टकरी झाली. या शेवटच्या हक्काला विशेष तात्त्विक महत्त्व आहे. शहराचा सगळा कचरा एकाच ठेकेदाराला देऊन तो जाळण्याचे किंवा दाबून वाहून नेण्याचे प्रस्ताव जेव्हा येतात, तेव्हा यंत्रविद्येबरोबर स्वामित्वाचाही प्रश्न पुढे येतो: जे उरले ते ज्यांनी आजवर वेचले त्यांचे, की ज्याच्याकडे भट्टी आहे त्याचे? गणेशविसर्जनाच्या दिवशी नदीकाठी निर्माल्य गोळा करून त्याचे खत करणाऱ्यांमध्ये याच स्त्रिया असतात, आणि देवाच्या अंगावरून उतरलेली फुले भाविक त्यांच्या हाती देतात. सुनीताच्या कामाचे हे आधुनिक रूप निदान संघटित आहे.

घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करणे कचरा निर्माण करणाऱ्यावर बंधनकारक केले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. गृहस्थासाठी उत्सर्गसमिती प्रथमच राज्यसंस्थेच्या भाषेत लिहिली गेली, असे याचे वर्णन करता येईल. परंतु टाकणाऱ्याच्या सावधपणालाही न जुमानणारा पदार्थ आता घराघरांत आला आहे. आनंदाच्या वस्त्रांची उतरंड मातीत संपत होती, घरामागच्या उकिरड्याचे शेवटी शेतात खत होत होते. प्लॅस्टिकच्या बाटलीपासून धागा निघतो, धाग्याचे कापड होते, आणि त्यापुढे मात्र वाट खुंटते. शांपूच्या, गुटख्याच्या आणि वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात; ते सुटे करण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक होत असल्याने भंगाराच्या दुकानात त्याला भाव नसतो आणि वेचणारीही त्याला हात लावत नाही. जे कोणीच उचलणार नाही हे आधी ठाऊक असताना घडवलेली अशी वस्तू कारखान्यातून निघतानाच टाकलेली असते, आणि म्हणून उत्सर्गाचा दोष वापरणाऱ्याच्या आधी घडवणाऱ्याकडे जातो.

कायद्याने हे तत्त्व अंशतः ओळखले. प्लॅस्टिक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत पुनर्प्रक्रिया न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करण्याची तरतूद होती. 2018 च्या दुरुस्तीने ऊर्जेसाठी जाळता येणारी किंवा अन्य काही उपयोग असणारी वेष्टने त्यातून वगळली, आणि जाळता येते तेवढ्यावरून वस्तू निर्दोष ठरू लागली. 2022 मध्ये उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे बाजारात आणलेल्या वेष्टनाइतके प्लॅस्टिक परत गोळा करून त्याच्यावर प्रक्रिया करवून घेण्याच्या बंधनाची, मार्गदर्शक चौकट आली, ज्यात ही जबाबदारी प्रमाणपत्रे विकत घेऊनही पुरी करता येते. हे प्रमाणपत्र नोंदणीकृत प्रक्रिया-उद्योगाच्या नावे निघते. त्या उद्योगापर्यंत माल पोहोचण्यापूर्वी तो ज्या स्त्रीने दारातून घेतला, घाणीतून निवडला, रंग आणि जात पाहून वेगळा केला आणि डोक्यावरून भंगाराच्या दुकानापर्यंत नेला, तिच्या वाट्याला या प्रमाणपत्राच्या किमतीतून किती यावे, हे त्या चौकटीत ठरवलेले नाही.